बर्फात उडवू नये

माहितीपत्रकाच्या अकराव्या पानावर एक चित्र आहे:
ढगातून तीन चांदण्या गळतायत
आणि त्यांच्यावर लाल फुली.
बर्फात उडवू नये.
साखर पेठेतल्या दुकानात, पंखा पाचवर ठेवून,
मी आणि बसवराज ते वाचून खूप हसलो होतो.
सोलापुरात बर्फ म्हणजे
रसवंतीवाल्याचा, भुश्यात गुंडाळलेला,
गोणपाटातून पाणी गाळत सायकलवरनं येणारा.

तरी पान सोडलं नाही मी.
हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचं
प्रत्येक पान वाचावं लागतं.
गारठ्यात बॅटरी अंगाशी धरावी.
पांढऱ्या जमिनीवर खालचा डोळा फसतो.
तीस टक्के उरायच्या आत माघारी बोलवावं.
उतरायच्या जागी काहीतरी गडद अंथरावं.
पाठ झालं होतं, शाळेतल्या पाढ्यासारखं,
उपयोग काय ते न कळता.

डिसेंबर संपता संपता चिंचोळीच्या टॉवेल कारखान्याचं काम आलं.
परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायला दोन मिनिटांची फिल्म.
पहाटे निघालो. गाडीवर बोटं वळेनात.
तिन्ही बॅटऱ्या बनियनच्या आत,
खुडूक कोंबडीसारखा बसलो होतो मी त्यांच्यावर.
बाहेरचं सगळं नीट झालं:
धुकं, गेट, रंगवलेली टाकी, हात बांधून उभे मालक.
पात्यांवरचं दव मी त्यांच्याच टॉवेलनं टिपलं.

मग शेड.
माग चालू. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं,
माणसं एकमेकांचे ओठ वाचत होती.
मी यंत्र उचललं, दोन पुरुष वर नेलं,
आणि त्याच्या चार पात्यांच्या वाऱ्यानं
तुळयांवरचा, नळ्यांवरचा, दिव्यांच्या टोप्यांवरचा
किती वर्षांचा कोण जाणे, साठलेला तूस
सुटला.

पडत राहिला.
सावकाश, कशाचीच घाई नसल्यासारखा,
मागांवर, डोक्यांवर, माझ्या पापण्यांवर.
खालची फरशी आधीच पांढरी.
पडद्यावर अक्षरं आली: जमीन सापडत नाही.
बत्तीस टक्के.
यंत्र हळूहळू सरकायला लागलं सहा नंबरच्या मागाकडे,
माझा अंगठा एकीकडे, ते भलतीकडे,
आणि अकरावं पान आख्खं डोळ्यासमोर,
पण अंथरायला माझ्याकडे काही नाही.

कांड्या भरायच्या मशीनवरनं राजमणी अक्का उठली.
तिनं काही वाचलेलं नव्हतं.
माझं तोंड बघितलं फक्त.
खांद्यावरची चादर ओढली, तांबडी-काळी, चौकड्यांची,
काठाला मोर,
आणि दोन मागांमधल्या वाटेत पसरून
हातानं सुरकुती काढली, पाहुणा बसणार असल्यासारखी.

यंत्र थबकलं.
चौकडा दिसला त्याला, मोर दिसला.
सरळ खाली आलं, मोराच्या पोटावर टेकलं
आणि गप्प झालं.

नंतर पायरीवर बसून मी चिमट्यानं
मोटरींतला तूस उपसत होतो.
अक्का शेजारी चहा फुंकत होती.
कुठं जाणार म्हणे ही फिल्म?
नॉर्वेला.
तिथं काय असतंय?
बर्फ, म्हटलं, सहा सहा महिने. आभाळातनं पडतो, पांढरा.
मग हेच की ओ, म्हणाली, आणि हसली,
हसता हसता खोकली,
आणि खोकला बराच वेळ थांबला नाही.
किती वर्षं झाली इथं? मी विचारलं.
तिनं बोटं मोजली, मध्येच सोडून दिली.

माहितीपत्रकात लिहिलंय:
प्रत्येक उड्डाणानंतर मोटर साफ करा,
कण आत राहिल्यास आयुष्य घटते.
मी पुढचं पान उलटलं. मागचं उलटलं.
मोटरींबद्दलच होतं सगळं.

भोंगा झाला. अक्का उठली.
चादर झटकायची होती तिला,
ती पार कुंपणापर्यंत चालत गेली,
वाऱ्याची दिशा बघितली,
आणि मग झटकली,
माझ्या यंत्रावर पडू नये म्हणून.